ग्वाल्हेरचे गाणे आणि राजसत्ता

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर २५ डिसेंबर २०२३ रोजी १,२८२ तबलावादकांनी एकाच वेळी ठेका धरला आणि जागतिक विक्रमांच्या नोंदवहीत या शहराचे नाव चढले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीतनगरी' म्हणून मान्यता दिली होती. या दोन्ही वार्तांनी आम्हांलाही आनंद झाला; परंतु कौतुक ओसरल्यावर एक शंका मनात राहिली. हजारो हात एका मापाने पडू लागले की त्यांत कोणा एकाचा ठेका वेगळा कानी येत नाही. कानी येते ते शासनाचे सामर्थ्य. ख्याल तर मुळात एकट्याने भरावयाचा. विलंबित लयीत बंदिश भरता भरता समेवर श्रोत्याची मान आपसूक हलावी, यापलीकडे त्याची मागणी नाही.

राजाश्रयाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. शिंद्यांचा दरबार नसता तर हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची गायकी कोठे रुजली असती? माधवराव शिंदे यांनी १९१८ साली भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली संगीत महाविद्यालय काढले, त्यात राजाची हौस होती तसा रोजच्या शिकवणीचा खर्चही होता.

हीच गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे व त्यांच्याकडून मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांकडे आली. पलुस्करांनी तिला राजकारणाच्या मांडवात नेले. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी 'वंदे मातरम्'ला हरकत घेतली, तरी पलुस्कर गातच राहिले. या प्रसंगाचा नुसता विजय म्हणून होणारा उल्लेख आम्हांस रुचत नाही, कारण त्या हरकतीमागेही एका समाजाची भावना होती. तथापि गवई व्यासपीठाचा ताबेदार नव्हे, एवढे त्या दिवशी सर्वांस कळले. आज शासनाच्या व्यासपीठावर असे एखाद्या गवयाला जमेल काय? मानधनाचा कागद ज्यांच्या हाती, त्यांची नापसंती कोण ओढवून घेणार!

हजिऱ्यावर, महंमद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची समाधी आहे. तेथे समारोहाच्या पहिल्या सकाळी शहनाईनंतर ढोलीबुवा मठाची हरिकथा होते आणि पाठोपाठ मिलाद. मराठी माणसाने तेवढ्यासाठी तरी एकदा तेथे जावे. सायंकाळच्या भव्य मंचापेक्षा आम्हांला तो सकाळचा कार्यक्रम समाजाच्या अधिक कामाचा वाटतो, आणि त्याला खर्चही फारसा नसावा.

विक्रमाची मोजणी ज्यांनी इतक्या काटेकोरपणे केली, त्यांनी आणखी एक आकडा प्रसिद्ध करावा: त्या १,२८२ वादकांपैकी किती जण आजही नियमाने गुरूसमोर बसतात.