गाडीवर जीव जडतो, पण पुरावा काय?

पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी सहाला त्र्यंबक रोडला उभे राहा. थार मोजायला लागाल आणि थोड्या वेळात मोजणं सोडून द्याल. नाशिककरांना या गाडीचं कौतुक जरा जास्तच आहे, कारण ती आपल्याच सातपूरच्या कारखान्यात बनते. 'आमच्या गावची गाडी' असं म्हणताना माणसाचा आवाज थोडा बदलतो, हे मी स्वतः ऐकलंय.

या गाडीच्या मालकांनी सांगितलेल्या, लिहिलेल्या 'प्रेमकथा' मी गेल्या दोन वर्षांत भरपूर वाचल्या आणि ऐकल्या. जवळजवळ सगळ्यांचा साचा एकच असतो. लहानपणी मामाच्या किंवा सरकारी साहेबाच्या जीपमध्ये बसलेलं असणं, नोकरी लागल्यावर गाडी बुक करणं, पहिल्याच पावसात चिखलात रुतणं, अनोळखी लोकांनी दोर लावून बाहेर काढणं, आणि शेवटी 'आता हिच्याशिवाय करमत नाही'. गोष्ट म्हणून मला हे आवडतं. त्यात खोटं काही नसतं. पण 'ड्रायव्हरचं गाडीवर प्रेम कसं बसतं' या प्रश्नाचं उत्तर म्हणून या गोष्टी वापरल्या, तर त्या फार लंगड्या पडतात. कुठे आणि का, ते आज बघू. तुमच्यापैकी जे पीएच.डी.चं प्रपोजल लिहायला बसलेत, त्यांच्या प्रश्नावलीतही हेच खड्डे असणार आहेत. माझ्या होते.

कारण विचारलं की कारण मिळतं

पहिला खड्डा साधा आहे. 'तुम्हाला ही गाडी का आवडते?' असं विचारलं की माणूस उत्तर देतो. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आहे, ६५० मिमी पाण्यातून जाते, लो गिअरमध्ये टाकली की भिंत चढेल. ही वैशिष्ट्यं खरी आहेत. प्रश्न असा की प्रेम त्यांच्यामुळेच बसलं का?

१९७७ साली निस्बेट आणि विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यातल्या एका प्रयोगात दुकानात टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीने ठेवल्या आणि लोकांना सर्वांत चांगली जोडी निवडायला सांगितली. चारही जोड्या एकसारख्याच होत्या. तरी सर्वांत उजवीकडची जोडी डावीकडच्या टोकाच्या जोडीपेक्षा तिपटीहून जास्त वेळा निवडली गेली. का निवडली, असं विचारल्यावर लोकांनी विणीबद्दल, पोताबद्दल सांगितलं. 'उजवीकडे होती म्हणून' असं आपणहून कोणीच म्हणालं नाही.

याचा अर्थ लोक खोटं बोलतात असा नाही. आपल्या आवडीमागची यंत्रणा आपल्याला आतून दिसत नाही. म्हणून आपण पटण्यासारखं, समाजात चालणारं कारण उचलतो. थारच्या मालकाकडे ब्रोशरमध्ये अशी कारणं छापूनच ठेवलेली असतात. त्याने ती सांगितली, तर तुम्ही त्याचं मन मोजलं की ब्रोशर?

आवड आधी की निवड आधी?

दुसरा खड्डा जास्त मजेशीर आहे, आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा.

१९५६ साली ब्रेम यांनी स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले. मग त्यातल्या दोन वस्तूंपैकी एक घरी न्यायला निवडायला सांगितली आणि पुन्हा गुण घेतले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, नाकारलेल्या वस्तूचे कमी झाले. निष्कर्ष असा काढला गेला की निवड केल्यावर मन त्या निवडीचं समर्थन करायला लागतं. गाडीला लावून बघा: आधी थार आणि गुरखा दोन्ही सारख्याच आवडत होत्या, थार घेतली, सहा महिन्यांनी गुरखा 'ठीकच' वाटायला लागली. म्हणजे प्रेम खरेदीनंतर बसलं. छान वाटतं ना?

पन्नासहून जास्त वर्षं हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत होता. २०१० मध्ये चेन आणि रायझन यांनी त्याच्या रचनेतच एक भोक दाखवलं. समजा तुम्ही दोन्ही गाड्यांना १० पैकी ७ गुण दिलेत. पण गुण हे ढोबळ माप आहे. मनात कदाचित थार ७.४ आणि गुरखा ६.६ असेल. मग तुम्ही थारच निवडणार. पुढच्या वेळी गुण देताना खरी आवड थोडी जास्त स्पष्ट झाली, तरी थार वर आणि गुरखा खाली दिसेल. मन एक इंचही बदललेलं नसताना आकड्यांत 'बदल' दिसतो! कारण निवड हीसुद्धा आवडीबद्दलची माहितीच आहे.

यावरचा उपाय त्यांनीच दिला. एक गट घ्या जो दोन्ही वेळा गुण आधी देईल आणि निवड नंतर करेल. या गटात जेवढी तफावत दिसेल ती निवडीमुळे आलेली असू शकत नाही, कारण निवड अजून झालेलीच नाही. मूळ गटातली तफावत यापेक्षा जास्त निघाली, तर तेवढी जास्तीचीच निवडीच्या खात्यावर टाकायची. पुढे अशा दुरुस्त रचनेच्या प्रयोगांतही परिणाम दिसला, तेव्हा मूळ कल्पना काही मेली नाही. पण आपण काय शिकायचं? मालकाला आज विचारून 'घेतल्यावर प्रेम वाढलं' असं सिद्ध होत नाही. खरेदीच्या आधीचं मोजमाप हवं, आणि तुलनेचा गटही हवा.

चिखलाचा सिद्धान्त

'त्रास झाला म्हणून जीव जडला' हे सर्वांत लाडकं स्पष्टीकरण. २०१० साली आलेली पहिली थार आराम हवा म्हणून कोणी घेत नव्हतं, आणि तिचे जुने मालक हेच अभिमानाने सांगतात. या कल्पनेला आधारही आहे. ॲरन्सन आणि मिल्स यांच्या १९५९ च्या प्रयोगात गटात प्रवेश मिळवायला ज्यांना जास्त अवघड परीक्षेतून जावं लागलं, त्यांना त्या गटाची कंटाळवाणी चर्चासुद्धा जास्त चांगली वाटली. २०१२ मध्ये नॉर्टन, मोशॉन आणि ॲरिएली यांनी दाखवलं की स्वतः जोडलेल्या खोक्याची किंमत माणूस जास्त लावतो. मात्र काम अर्धवट राहिलं किंवा जोडलेलं मोडून टाकलं, तर हा परिणाम दिसत नाही. म्हणजे नुसता त्रास पुरत नाही, त्रास तडीस जावा लागतो. रुतलेली गाडी बाहेर निघावी लागते.

इथपर्यंत पटतं. पण तुमचं सॅम्पल बघा. तुम्ही कोणाला विचारताय? ज्यांच्याकडे आज गाडी आहे त्यांना. ज्यांना त्रास झाला आणि प्रेम बसलं नाही, त्यांनी गाडी केव्हाच विकली. ते तुमच्या यादीत नाहीतच. उरलेल्यांत त्रास आणि प्रेम एकत्र दिसणारच, कारण प्रेमाशिवाय त्रास सोसणारे गाळणीतून खाली गेलेत. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जाऊन विकणाऱ्यांना विचारल्याशिवाय चिखलाचा सिद्धान्त मला तरी मान्य नाही.

आकार, की ताकद?

काहींचं म्हणणं, सगळं प्रेम त्या चौकोनी आकाराचं आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली, आणि तोच चेहरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आकाराला किंमत आहे हे उघड आहे. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर आणली तेव्हा फियाट क्रायस्लरने ती आमच्या जीपसारखी दिसते म्हणून तक्रार केली, आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने निकाल दिल्यावर रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. पण कायदा 'ग्राहकाचा गोंधळ होईल का' हे विचारतो, 'प्रेम बसेल का' हे नाही. हा पुरावा प्रेमाच्या खात्यात जमा करता येत नाही.

मग मला एक 'आयता प्रयोग' सुचला. २०२० ची थार चारचाकी ड्राइव्हमध्येच मिळायची. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थार आली. रूप तेच, पण पुढच्या चाकांना ताकद नाही. दोन्ही मालकांचं प्रेम सारखंच निघालं तर आकार जिंकला, कमी निघालं तर ताकद! मी हे उत्साहाने गाईड मॅडमना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही घेणारी माणसं सारखी आहेत का?" नाहीत. नवी आवृत्ती ९.९९ लाखांपासून होती, डिझेल इंजिन लहान होतं. जंगलात जाणाऱ्याने चारचाकी निवडली, शहरात फिरणाऱ्याने दुसरी. माणसं आपापली विभागली गेली, चिठ्ठ्या टाकून नाही. आयता प्रयोग तिथेच आटोपला.

पैशाने मोजायचं म्हटलं तरी तेच. २०२० मध्ये नव्या थारची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली. पण ती रक्कम कोविडच्या मदतीसाठी होती. त्यात गाडीचं प्रेम किती, दान किती आणि पहिला नंबर मिळवण्याची हौस किती, हे कसं वेगळं करणार?

ज्यांना कोणी विचारत नाही

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. या सगळ्या प्रेमकथा शनिवार-रविवारच्या ड्रायव्हरच्या आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या अवघड रस्त्यांवर आयुष्य काढलं ते काळी-पिवळी जीपवाल्यांनी. पेठ, सुरगाणा, हरसूल. एसटी चुकली की हीच गाडी. दहाच्या जागी पंधरा माणसं, टपावर भाजीच्या जाळ्या.

माझे आप्पा पेठ नाक्यावरून अशी जीप अकरा वर्षं चालवत होते. एम.एस्सी.ला असताना एका असाइनमेंटसाठी मी त्यांना प्रश्नावली वाचून दाखवली होती. पहिलाच प्रश्न: 'तुम्हाला तुमची गाडी का आवडते?' आप्पा म्हणाले, "आवडायला काय झालं? हप्ते होते तिचे." मी पेन खाली ठेवलं. माझ्या प्रश्नातच 'आवडते' हे गृहीत धरलेलं होतं. त्यांच्याकडे निवडायला दुसरी गाडी नव्हती, विकायची मुभा नव्हती, आणि चिखल त्यांनी हौसेने शोधला नव्हता.

काही महिन्यांनी, प्रश्नावली बाजूला ठेवून मी वेगळं विचारलं. "आप्पा, गाडीतला कोणता दिवस आठवतो?" मग ते तासभर बोलले. सावळ घाटात धुक्यात पुढचं काही दिसत नसताना, प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या एका बाईला नाशिकला आणलं ती रात्र. रेडिएटरमध्ये ओढ्याचं पाणी घालायचे दिवस. आणि मग सहज म्हणाले, "विकली ना, त्यानंतर दोन महिने मी पेठ नाक्याकडनं गेलोच नाही. लांबून जायचो."

याला काय म्हणायचं? हे प्रेम आहे असं लिहायचा मोह मला झाला. पण ती लाज असू शकते, स्टँडवरच्या सोबत्यांना तोंड दाखवायचं नाही म्हणून. धंदा गेल्याचं दुःखही असू शकतं. गाडी, रस्ता, माणसं आणि कमाई त्यांच्या आयुष्यात एकाच गाठीत बांधलेली होती. मी मुलगी म्हणून एक उत्तर देईन, संशोधक म्हणून तिन्ही शक्यता वहीत लिहीन. तशा लिहिल्यात.

मग करायचं काय?

मी आज हा अभ्यास केला असता तर चार गोष्टी बदलल्या असत्या. बुकिंग केलेल्यांना गाडी मिळण्याआधी भेटले असते आणि वर्षभराने पुन्हा. गाडी विकलेल्यांची वेगळी यादी केली असती. पगारावर दुसऱ्याची जीप चालवणाऱ्यांना घेतलं असतं, म्हणजे मालकी आणि सहवास वेगळे करता आले असते. आणि 'का' विचारण्याआधी 'काय केलं' विचारलं असतं: गेल्या महिन्यात लो गिअरचा दांडा किती वेळा ओढला, गाडी कोणाला चालवायला दिली, किती वेळा स्वतः धुतली.

यातूनही प्रेमाचं एकच कारण हाती लागणार नाही. पण निदान कोणतं स्पष्टीकरण टिकत नाही, ते कळेल. तुमच्या प्रपोजलमधला पहिला प्रश्न आज एकदा काढून वाचा. उत्तर त्यातच आधी लिहून ठेवलंय का, बघा. माझ्या बाबतीत ते आप्पांच्या एका वाक्याने कळलं. तुम्हाला ते व्हायवाच्या आधी कळावं.