‘हेस्टर स्ट्रीट’ : एक घर, दोन धर्माचार

जोन मिकलिन सिल्व्हर यांचा ‘हेस्टर स्ट्रीट’ हा १९७५ सालचा कृष्णधवल चित्रपट एब्राहम कहान यांच्या ‘येकल’ (१८९६) या कथेवर आधारलेला आहे. न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यात राबणाऱ्या येकलने दाढी काढली, ‘जेक’ हे नाव घेतले व धर्माचार सोडला. मुलासह मागाहून आलेली पत्नी गिटल मात्र केस झाकून जुन्या रीतीनेच राहते. शेवटी प्रकरण ‘गेट’पर्यंत, म्हणजे धार्मिक घटस्फोटापर्यंत जाते.

कॅरोल केन यांनी गिटल फार संयमाने उभी केली आहे. वकील घटस्फोटासाठी रक्कम वाढवीत जातो आणि ती गप्प बसूनच जिंकते, तो प्रसंग विसरत नाही. पण आमची एक तक्रार आहे. जेकला आधीच मेमीचा नाद आहे आणि गिटलसाठी विद्वान बर्नस्टाइन घरातच बिऱ्हाडकरू आहे. त्यामुळे खरा प्रश्न सुटून जातो : मने दुसरीकडे गेलेली नसताना नुसता आचार बदलला, तर दोघांनी काय करावे?

अमेरिकेतील आपल्या घरांत हा प्रश्न उलटही येतो. एक जण मांसाची व दुधाची भांडी वेगळी करतो, शब्बाथला मोटार काढत नाही. दुसऱ्याला किद्दूश आणि मलिदा पुरे वाटतो. जेकने स्वतःची दाढी काढली, ते एक वेळ चालेल. आईच्या मनाचा विचार न करता त्याने मुलाचे पायोत कापले, हे आम्हांस खटकते. आपला आचार आपण बदलावा, घराचा मात्र दोघांनी ठरवावा. पतिपत्नींनी हा चित्रपट एकत्र बसून पाहावा.