धम्मकथिकाची कसोटी

अंगुत्तरनिकायाच्या नवक निपातात एक लहानसा प्रसंग आला आहे. श्रावस्तीच्या जेतवनातील उपस्थानशाळेत आयुष्मान नंदक भिक्खूंना धम्मोपदेश करीत होते. सायंकाळी ध्यानातून उठून भगवंत तिकडे आले. आत प्रवचन चालू आहे असे पाहून ते दाराबाहेरच उभे राहिले. प्रवचन संपल्यावर त्यांनी खाकरून दार वाजविले, तेव्हा भिक्खूंनी ते उघडले. आसनस्थ झाल्यावर भगवंतांनी नंदकांना सांगितले की, तुमचे प्रवचन बरेच लांबले. ते संपण्याची वाट पाहत बाहेर उभे राहून माझी पाठ दुखू लागली. नंदक ओशाळले. भगवंत बाहेर उभे आहेत हे ठाऊक असते तर आपण इतके बोललो नसतो, असे ते म्हणाले. त्यांचा संकोच ओळखून भगवंतांनी त्यांना धीर दिला. एकत्र जमलेल्यांनी धम्मकथा करावी अथवा आर्य मौन पाळावे, हेच त्यांना शोभते, असे त्यांनी सांगितले.

या प्रसंगात शास्त्याने प्रवचन मध्येच तोडले नाही, हे जितके महत्त्वाचे, तितकेच हेही महत्त्वाचे की श्रोत्याच्या पाठीला कळ लागली ही गोष्ट त्यांनी सांगितली आणि संगीतिकारांनी ती जतन केली. वक्ता काय बोलला याबरोबरच ऐकणाऱ्याचे काय झाले, याचीही नोंद पालि वाङ्मय ठेवते.

वक्तृत्वकलेवरील जी पुस्तके आज बाजारात मिळतात, त्यांत थोर धर्मोपदेशकांकडून वक्तृत्व शिकावे असा सल्ला हमखास असतो. आवाज कोठे चढवावा, कोठे थांबावे, विनोदाची पेरणी कशी करावी, सभेच्या डोळ्यांत पाणी कसे आणावे, हे सारे त्यांत सांगितलेले असते. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु या सर्व उपदेशामागे एक गृहीत दडलेले असते. ते म्हणजे, सभा जिंकणे हे वक्त्याचे साध्य होय. वर्षावासातील प्रवचनांपासून 14 एप्रिलच्या व्यासपीठापर्यंत आपली सारी चळवळ भाषणावर उभी आहे. म्हणून हे गृहीत धम्माच्या कसोटीस उतरते काय, याचा विचार आपणास टाळता येणार नाही.

ही कसोटी पंचक निपातातील उदायी सुत्तात सापडते. कौशांबीच्या घोषितारामात आयुष्मान उदायी गृहस्थांच्या मोठ्या परिषदेने वेढलेले, प्रवचन करीत होते. आनंदांनी ते पाहिले व भगवंतांना कळविले. सभा भरली म्हणून भगवंतांनी आनंद व्यक्त केला नाही. इतरांना धम्म सांगणे सोपे नाही, असेच त्यांनी म्हटले आणि सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या ठायी स्थिर कराव्यात अशा पाच गोष्टी सांगितल्या. क्रमाने सांगेन, कारणे दाखवून सांगेन, अनुकंपेने सांगेन, लाभाच्या इच्छेने सांगणार नाही, आणि स्वतःला वा इतरांना इजा न करता सांगेन, अशा त्या पाच गोष्टी होत. या यादीत आवाज नाही, हातवारे नाहीत, पाठांतरही नाही. पहिल्या दोन गोष्टी मांडणीच्या आहेत. उरलेल्या तीन वक्त्याच्या चित्ताच्या आहेत.

क्रमाने सांगणे म्हणजे अनुपुब्बिकथा. यश असो वा उपाली गृहपती, भगवंतांनी प्रथम दान, शील आणि स्वर्ग यांविषयी सांगितले, मग कामभोगांतील दोष व त्यागाचा लाभ दाखविला आणि श्रोत्याचे चित्त तयार झाले असे पाहूनच चार आर्यसत्ये सांगितली. स्वच्छ वस्त्रावरच रंग नीट चढतो, ही तेथील उपमा प्रसिद्ध आहे. यातील स्वर्गकथा आज आपणास अडखळविते. परंतु ती त्या श्रोत्यांच्या परिचयाची भाषा होती. आपण घ्यावयाचा तो क्रम. पहिल्याच वाक्यात प्रतीत्यसमुत्पाद गाठणारे आपले अनेक अभ्यासू वक्ते वस्त्र न पाहताच रंग कालवीत असतात.

लाभाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आमिष म्हणजे केवळ मानधनाचे पाकीट असे समजून आपण समाधान मानतो. संयुत्तनिकायातील चंदूपम सुत्त अधिक खोल जाते. लोकांनी माझे ऐकावे, ऐकून प्रसन्न व्हावे आणि आपली प्रसन्नता मला दाखवावी, अशा मनाने जो धम्म सांगतो त्याची देशना तेथे अपरिशुद्ध ठरविली आहे. म्हणजे टाळीची अपेक्षा हेही आमिषच होय. वक्तृत्वाची पुस्तके ज्या बिंदूला यश म्हणतात, त्याच बिंदूला सुत्त दोष म्हणते.

पाचवी गोष्ट इजा न करण्याची. तिच्याविषयी लिहिताना एक आठवण सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका विहारात वर्षावासातील पौर्णिमेच्या कार्यक्रमास प्रस्तुत लेखक श्रोता म्हणून बसला होता. वक्ते व्यासंगी होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी घरात अजूनही देव्हारा ठेवणाऱ्यांना गुलाम म्हटले आणि त्यांच्या अडाणीपणाची नक्कल करून दाखविली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्याच रांगेत एक वृद्ध उपासिका मान खाली घालून बसली होती. रोज पहाटे विहार झाडून काढणारी तीच. तिच्या घरी सासूच्या वेळचा टाक आहे, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होते. पुढच्या पौर्णिमेस ती आली नाही आणि त्यानंतरही आली नाही. टाळ्या वाजविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता.

मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्त जणू याच सभेसाठी सांगितले गेले आहे. कोणाला चढवू नये, कोणाला पाडू नये, धम्मच सांगावा, असा त्याचा आशय आहे. तेथील विश्लेषण बारकाईने पाहण्याजोगे आहे. अमुक मार्गाने जाणारे सारे लोक चुकीच्या वाटेवर आहेत असे म्हटले, की काही माणसांना पाडल्यासारखे होते. तो मार्ग दुःखाकडे नेतो असे म्हटले, की धम्म सांगितला जातो. आशय एकच, पण पहिल्या वाक्याचा कर्ता माणूस आहे आणि दुसऱ्याचा कर्ता आचरण आहे. देव्हारा ठेवणारे गुलाम आहेत, या वाक्याने ती उपासिका घरी गेली. भीतीपोटी केलेली पूजा माणसाला पराधीन करते, हे वाक्य कदाचित तिला विचार करावयास लावते.

या संदर्भात 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचे रूप लक्षात घेण्यासारखे आहे. जुन्या दैवतांचा त्याग त्यांत निःसंदिग्ध आहे. परंतु त्या प्रतिज्ञा प्रथमपुरुषी आहेत. उच्चारणारा स्वतःला बांधून घेतो. शेजाऱ्याकडे बोट दाखवीत नाही. आपल्या व्यासपीठांनी या प्रथमपुरुषाचा द्वितीयपुरुष केला आणि प्रतिज्ञेचा टोमणा झाला.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. मग कठोर बोलूच नये काय? ज्या समाजाने शतकानुशतके अन्याय सोसला, त्याने मवाळ शब्दांतच बोलावे काय? याचे उत्तर अभयराजकुमार सुत्तात आहे. तथागत दुसऱ्यांना अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असा दुधारी प्रश्न घेऊन राजपुत्र अभय आला होता. भगवंतांनी त्याच्या मांडीवरील बाळाकडे निर्देश करून विचारले, की बाळाने तोंडात काटकी अथवा खडा घातला तर तू काय करशील? रक्त आले तरी मी तो काढीन, कारण मला बाळाची अनुकंपा आहे, असे राजपुत्राने सांगितले. यावरून भगवंतांनी वाणीचा नियम स्पष्ट केला. जे सत्य नाही वा हितकर नाही, ते प्रिय असले तरी तथागत बोलत नाहीत. जे सत्य व हितकर आहे, ते प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहून बोलतात. तेव्हा कठोर शब्द वर्ज्य नाही. वर्ज्य आहे तो अनुकंपेवाचून उच्चारलेला शब्द. खडा काढताना रक्त येणे वेगळे आणि रक्त पाहून सभेने टाळ्या वाजविणे वेगळे.

आता आवाजाविषयी. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात षड्वर्गीय भिक्खू लांबलचक गीतस्वरात धम्म गाऊ लागल्याची कथा आहे. भगवंतांनी त्यास मनाई केली व पाच दोष दाखविले. गाणारा स्वतःच त्या स्वरावर लुब्ध होतो, ऐकणारे लुब्ध होतात, गृहस्थ नावे ठेवतात, स्वराच्या हौसेने समाधी भंगते आणि मागून येणारे त्याचेच अनुकरण करू लागतात. यातील पाचवा दोष आज सर्वत्र दिसतो. एका लोकप्रिय वक्त्याची लकब दहा तरुणांच्या कंठात उतरते, विचार मात्र एकाच्याही नाही. परंतु हा नियम स्वराच्या द्वेषातून आलेला नाही. त्याच ठिकाणी सरभञ्ञाची, म्हणजे सुस्वर पठनाची, अनुज्ञा आहे. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्ग म्हणून दाखविला, तेव्हा भगवंतांनी त्याच्या वाणीची मोकळेपणाने प्रशंसा केली. ती स्पष्ट, निर्दोष आणि अर्थ पोहोचविणारी आहे, हे त्या प्रशंसेचे कारण होते. अर्थ पोहोचतो काय, हीच मर्यादारेषा होय. म्हणून आपल्या आंबेडकरी जलशांना हा निषेध लागू पडत नाही. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांच्या परंपरेत गाणे विचाराचे वाहन होते. ज्या प्रवचनात विचार गाण्याचे निमित्त होतो, त्याला मात्र तो लागू पडतो.

अर्थ पोहोचला की नाही, हे वक्त्यास कसे कळावे? येथे पुन्हा नंदकांकडे यावे लागते. मज्झिमनिकायातील नंदकोवाद सुत्तात ते महाप्रजापती गौतमींच्या पाचशे भिक्खुणींना उपदेश करावयास जातात. प्रारंभीच ते सांगतात, की हे बोलणे प्रश्नोत्तररूप असेल. जिला समजले तिने समजले म्हणावे, जिला समजले नाही तिने तसे सांगावे, जिला शंका असेल तिने मलाच विचारावे. उपदेशाने भिक्खुणी संतुष्ट झाल्या, तरी भगवंतांनी नंदकांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उपदेश करावयास पाठविले. चतुर्दशीचा चंद्र अजून अपूर्णच असतो, असे कारण त्यांनी दिले. श्रोता संतुष्ट झाला म्हणजे काम झाले असे नाही, हा या सुत्ताचा मर्मभेदी बोध आहे. आपल्या सभांत अध्यक्षीय समारोपानंतर आभार असतात. प्रश्नांना वेळ नसतो.

महाराष्ट्रात हा मार्ग प्रत्यक्षात आणणारा कीर्तनकार म्हणून गाडगेबाबांचे (1876–1956) नाव घ्यावे लागेल. ते बौद्ध नव्हते आणि त्यांच्या कीर्तनात गोपाळाचा गजर असे. तथापि दिवसा गावाचे रस्ते खराट्याने झाडून रात्री ते कीर्तनास उभे राहत. वऱ्हाडी बोलीत सभेला प्रश्न विचारीत, सभेकडूनच उत्तर घेत आणि कर्ज, दारू, पशुबळी व शिवाशीव यांवर श्रोत्यांनाच निर्णय करावयास लावीत. अरणविभंग सुत्तात लोकभाषेविषयीही एक विवेचन आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात. जेथे जे नाव चालते तेथे ते वापरावे, आपल्याच शब्दाचा हट्ट धरू नये. गाडगेबाबांनी हे सुत्त वाचले नसावे, पण आचरले मात्र होते. पालि शब्दांची रास रचून श्रोत्यांना दिपविणाऱ्या आमच्यासारख्या विद्यापीठीय मंडळींनी येथे अंतर्मुख व्हावे.

बाबासाहेबांचे 15 ऑक्टोबर 1956 चे नागपूरचे भाषणही याच दृष्टीने पुन्हा वाचावे. आदल्या दिवशी दीक्षेचा अपूर्व सोहळा झाला होता. जयघोषावर सभा सहज जिंकता आली असती. परंतु हे कार्य आपण का केले आणि त्यासाठी नागपूरच का निवडले, या लोकांच्या मनातील प्रश्नांपासून त्यांनी आरंभ केला. लाखो श्रोत्यांपुढे ते कारणे देत राहिले. कारणे दाखवून सांगणे ही उदायी सुत्तातील दुसरी गोष्ट ती हीच.

शेवटी, बोलावे कोणी? धम्मकथिक भिक्खूंत पुण्ण मंतानिपुत्त अग्र गणले गेले, तशी भिक्खुणींत धम्मदिन्ना. आणि बहुश्रुत उपासिकांत अग्रस्थान मिळाले ते खुज्जुत्तरेला. अट्ठकथेनुसार ती कौशांबीच्या राजवाड्यातील दासी. ती भगवंतांचा उपदेश ऐकून येई आणि राणी सामावती व तिच्या परिवारातील स्त्रियांना जसाच्या तसा सांगे. राणीने तिला उच्चासनावर बसवून स्वतः खाली बसून ऐकले. इतिवुत्तक हा ग्रंथ तिच्याच स्मरणातून आला, अशी परंपरा आहे. आपल्या विहारांत सतरंजीवर उपासिका बहुसंख्य असतात आणि ध्वनिक्षेपकापुढे त्या अपवादानेच दिसतात. खुज्जुत्तरेचा वारसा सांगणाऱ्यांना हे शोभणारे नाही.

विहारात न परतलेल्या त्या उपासिकेकडे प्रस्तुत लेखक पुढे एकदा गेला. तिने चहा केला. भाषणाविषयी ती काही बोलली नाही. विहार आता कोण झाडते, एवढेच तिने विचारले. त्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. धम्मकथिकाने बोलावयास उभे राहण्यापूर्वी एकदा दाराकडे पाहावे. बाहेर कोणीतरी उभे आहे आणि त्याची पाठ दुखते आहे, एवढे भान राहिले तरी पुष्कळ झाले. ते भान नसेल, तर सुत्ताने दुसराही मार्ग मोकळा ठेवला आहे. तो आर्य मौनाचा.