३०० डीपीआय आहे, मग हे पट्टे कुठून आले?

मागच्या सत्रात माझ्या प्रगती-अहवालातल्या छापील आकृतीवर पेन टेकवून परीक्षकांनी विचारलं, "वसाहतीभोवती ही वलयं कसली?" आकृती जिवाणूंच्या वसाहतीच्या प्रतिदीप्तीची. कडेला उजेड हळूहळू मावळायला हवा होता; कागदावर मात्र कांद्याच्या चकतीसारखी वलयं. ती मीच तयार केली होती, तीही सूचनांमधले सगळे नियम पाळून.

म्हणून आजची टीका त्या नियमावर, जो तुम्हाला जवळपास प्रत्येक सूचनापत्रकात भेटेल: 'आकृती किमान ३०० डीपीआय असावी.' नियम चूक नाही. पण तो एका इंचात ठिपके किती एवढंच सांगतो. प्रत्येक ठिपक्याला किती छटा उपलब्ध आहेत, याबद्दल अवाक्षर नाही, आणि पट्ट्यांचं दुखणं नेमकं तिथे आहे.

माझाच हिशोब बघा. कॅमेरा १२ बिटचा, म्हणजे ४०९६ छटा. वसाहतीभोवतीचा अंधुक भाग त्यातल्या साधारण ४८० छटांत मावत होता. घाईत मी फाइल जेपेगमध्ये साठवली. जेपेग ८ बिटचं, २५६ छटांचं. साधा भागाकार धरला तर १६ छटांची एक होते. माझ्या ४८० च्या उरल्या ३०. मग अंधुक भाग दिसावा म्हणून कॉन्ट्रास्ट ताणला. त्याच ३० छटा ० ते २५५ वर पसरल्या, मध्ये आठ-नऊच्या उड्या. अशा चित्राचा हिस्टोग्राम दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो, एकदा उघडून बघाच. त्यात आपला डोळा पायरीच्या कडेचा फरक आणखी फुगवून पाहतो. अर्न्स्ट माख यांनी हे १८६५ मध्येच मांडलं होतं.

छपाईत आणखी काटछाट होते. लेझर प्रिंटर राखाडी रंग लावत नाही, काळ्या ठिपक्यांची जाळी मांडतो. जुना ढोबळ हिशोब असा: प्रिंटरच्या डीपीआयला जाळीच्या प्रति इंच ओळींनी भागा, वर्ग करा, एक मिळवा. २४०० आणि १५० ओळी असतील तर २५७ छटा. ६०० आणि ८५ असतील तर जेमतेम ५०! (विभागातला प्रिंटर ६०० चाच असतो. असो.)

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'थोडा नॉइज घाला'. युक्ती खरी आहे. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये चित्रं कमी बिटांत बसवताना ती वापरली होती. पोस्टरच्या पार्श्वभूमीला खुशाल वापरा. पण मोजमापाच्या आकृतीत असा नॉइज म्हणजे तुम्ही न मोजलेले आकडे. घातलाच तर आकृतीखाली तसं लिहा. ब्लर त्याहून वाईट, तो पट्ट्यांबरोबर खरी कडही पुसतो. आणि ८ बिटची फाइल १६ बिटमध्ये बदलून गेलेल्या छटा परत येत नाहीत, हे मी करून बघितलंय.

शेवटी मूळ १६ बिटची टिफ उघडली, तिच्यावरच कॉन्ट्रास्ट ताणला, ८ बिट अगदी शेवटी केलं आणि चांगल्या प्रिंटरवर छापलं. वलयं गेली. एक सोडून. ते पडद्यावर आहे, मूळ आकड्यांत आहे, आणि नंतरच्या तीन प्लेट्सवरही आहे. सध्या तेच मोजतेय.