तोफेमागचा साक्षीदार

शिडांच्या युद्धनौकांवरील वाङ्मय वाचताना पहिला प्रश्न विचारायला हवा तो असा : लेखक कोणत्या डेकवर उभा आहे? सी. एस. फॉरेस्टर, पॅट्रिक ओब्रायन यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या बहुतांशी कप्तानाच्या शेजारी उभ्या आहेत. तिथून वारा दिसतो, डावपेच दिसतात, शत्रूची शिडे दिसतात. या लेखकांचे कसब नाकारण्याचे कारण नाही. पण तोफा ओढणारे शेकडो हात तिथून केवळ 'जहाजावरची माणसे' म्हणून उरतात.

सॅम्युएल लीच या खलाशाचे १८४३ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन खालच्या डेकवरून बोलते. २५ ऑक्टोबर १८१२ रोजी अटलांटिक महासागरात 'मॅसिडोनियन' ही ब्रिटिश फ्रिगेट 'युनायटेड स्टेट्स' या अमेरिकन फ्रिगेटशी लढली. ब्रिटिशांच्या मुख्य तोफा १८ पौंडी, अमेरिकनांच्या २४ पौंडी. 'मॅसिडोनियन'वरील सुमारे ३०० जणांपैकी ३६ मेले, ६८ जखमी झाले. ही कप्तान कार्डेनच्या अहवालातील गणना.

लीच तेव्हा चौदाएक वर्षांचा पोरगा होता. दारूकोठारातून काडतुसे घ्यायची, ठिणगी पडू नये म्हणून अंगातल्या जाकिटाखाली झाकायची आणि पाचव्या तोफेला पोचवायची, हे त्याचे काम. तो जे सांगतो ते अहवालात नाही. जागा सोडून पळणाऱ्याला गोळी घाला, असा हुकूम खालच्या डेकवरील तरुण अधिकाऱ्यांना सर्वांच्या देखत दिलेला होता. जॉन कार्ड हा अमेरिकन खलाशी कप्तानाला म्हणाला, माझ्या देशबांधवांशी मी लढणार नाही, मला कैदी समजा. पुन्हा मागणी केलीस तर गोळी घालीन, हे त्याला मिळालेले उत्तर. तो तोफेवर परतला आणि देशबांधवांच्याच गोळ्याने मेला. लढाईत खलाशांनी जयघोष केला तेव्हा लीचनेही केला. कशासाठी, हे आपल्याला धड ठाऊक नव्हते असे तो लिहितो. प्रस्थापित इतिहास ज्याला शौर्य म्हणतो, त्याच्या पाठीशी पिस्तूल उभे होते, हे ही साक्ष सिद्ध करते.

पण खालून बोलणारा प्रत्येक आवाज समतेचा असतोच असे नाही. हर्मन मेलव्हिल १८४३-४४ मध्ये त्याच 'युनायटेड स्टेट्स'वर साधा खलाशी होता. त्याच्या 'व्हाइट-जॅकेट' (१८५०) या कादंबरीत फटक्यांच्या शिक्षेवर प्रखर हल्ला आहे. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने आरमारातील ही शिक्षा बंद केली. या कादंबरीतला कप्तान करमणुकीसाठी दोन काळ्या खलाशांना डोक्यांची टक्कर द्यायला लावतो आणि ते खरोखर भांडले की त्यांनाच फटके देतो. ते पाहताना निवेदकाच्या मनात प्रथम येते, आपण गोरे आहोत ही देवाची कृपा! गोऱ्यांच्या पाठीही इथे फोडल्या जातात, हे त्याला नंतर आठवते.

चाबूक सर्वांसाठी असला तरी उतरंड शाबूत राहते, आणि आपल्याखाली कोणीतरी आहे या समाधानावर ती टिकते. मेलव्हिलने हे लपवले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. मात्र त्या दोघांना काय वाटले, हे त्याची कादंबरी सांगू शकत नाही. ती साक्ष त्यांचीच असायला हवी होती. लीचचे मोल कळते ते या रिकाम्या जागेपाशी.