अभेद्य देहाचा वैरी

सुपरमॅनने सर्व बळानिशी स्वतःच्याच छातीवर ठोसा मारला तर त्याला लागेल का, असा प्रश्न परवा आमच्या नातवाने विचारला. प्रश्न बालिश वाटला. परंतु या कथांचे मोल जोखण्यास तो फार उपयोगी आहे, असे विचारान्ती आमचे मत झाले.

जेरी सीगल व जो शुस्टर यांनी १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात हा नायक आणला, तेव्हा तो सर्वस्वी अभेद्य नव्हता. फुटणारा तोफगोळा त्याची त्वचा भेदू शके. बळाबरोबर त्याची मर्यादाही निर्मात्यांनी प्रामाणिकपणे सांगितली होती. पुढील लेखकांनी ती मर्यादा पुसत नेली आणि नायकाच्या तोडीचे बाहेर कोणी उरेना. मग क्रिप्टोनाइट हे खनिज उपयोगात आले. ते त्याच्या मूळ ग्रहाचे खरे. पण त्याच्या स्वभावाशी त्याचा संबंध नाही. म्हणून आम्ही तिला पळवाटच म्हणू.

१९८३ च्या 'सुपरमॅन ३' या चित्रपटाने मात्र या प्रश्नाला सरळ हात घातला. चित्रपट एकंदरीत विस्कळीत आहे. तरी नकली क्रिप्टोनाइटमुळे बिघडलेला नायक दुभंगतो आणि उन्मत्त सुपरमॅन व साधा क्लार्क केंट भंगाराच्या आवारात झुंजतात, तो प्रसंग अस्सल आहे. मारणारा आणि सोसणारा एकच असल्याने तेथे घाव खरोखर लागतात. अखेर जिंकतो तो क्लार्क, ज्याला बळ आवरून वागण्याची सवय आहे.

शरीरशास्त्राचाही याला दुजोरा आहे. धनुर्वाताच्या आकडीत रोग्याच्या स्वतःच्याच स्नायूंच्या ओढीने पाठीचे मणके मोडू शकतात. एरवी मज्जासंस्था स्नायूंना आवर घालते, म्हणून आपण शाबूत राहतो. भस्मासुराच्या वरदानातही त्याचे स्वतःचे मस्तक वगळलेले नव्हते. मोहिनीने केवळ त्याचा हात तेथवर नेला.

शासकीय सेवेत तीन तपे काढल्यावर आम्हांस हे अधिक पटते. लोकांच्या तक्रारींनी आमच्या अधिकाराला कधी ओरखडाही उमटला नाही. रागाच्या भरात केलेली एक सही मात्र आजही आम्हांलाच बोचते.

नातवाला आम्ही सांगितले, लागेल, आणि इतर कशाहीपेक्षा जास्त लागेल. ज्या कथेत ते लागत नाही, ती बळाची नुसती जाहिरात होय.