‘अस्तु’ : मेंदूची प्रतिमा आणि वर्तनाचा अर्थ

स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विस्मरण, हा समज अद्यापि दृढ आहे. वस्तुतः १९०१ साली अलॉइस आल्झायमर ह्यांनी फ्रँकफुर्ट येथे तपासलेल्या ऑगुस्ट डेटर ह्या रुग्णेच्या ठायी प्रथम दिसलेल्या लक्षणांत पतीविषयीचा संशय होता. वर्तनातील विकृती हा ह्या व्याधीचा मूळचाच भाग होय. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्या पुण्यातील दिग्दर्शकद्वयाच्या ‘अस्तु’ (२०१३) ह्या चित्रपटाचा विचार ह्या दृष्टीने करणे उद्बोधक ठरेल.

निवृत्त संस्कृत प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री मोटारीतून उतरून एका हत्तीमागे चालू लागतात. ही भूमिका मोहन आगाशे ह्या मनोविकारतज्ज्ञानेच केली आहे, हे लक्षणीय. कन्या इरा शोध घेत असता शास्त्री माहुताच्या कुटुंबात विसावतात आणि त्याच्या पत्नीस, चन्नम्माला, ‘आई’ मानू लागतात.

डेटरबाईंचा मेंदू पाहता आला तो १९०६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. आज जिवंत रुग्णाच्या मेंदूत एमआरआयने हिप्पोकॅम्पसचा संकोच दिसतो, पेट-तपासणीने ग्लुकोजच्या वापरातील घट दिसते. रुग्णाचे औदासीन्य आणि मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील बिघाड ह्यांचा संबंधही अनेक अभ्यासांत आढळला आहे. ह्या ज्ञानाचे नैतिक मोल मोठे आहे. घरची माणसे ज्यास हट्ट, आळस वा सोंग म्हणतात, त्याचे मूळ व्याधीत असू शकते, अशी साक्ष त्यातून मिळते. परंतु हे संबंध बहुधा रुग्णसमूहांच्या तुलनेतून निघालेले असतात. अमुक एक वृद्ध अमुक दिवशी हत्तीमागे का गेला, हे त्यांवरून सांगता येत नाही.

चित्रपटाचे सामर्थ्य नेमके येथे आहे. आप्त शास्त्रीबुवांत पूर्वीचा पंडित शोधतात, म्हणून त्यांचा झगडा संपत नाही. चन्नम्मा त्या पंडिताला ओळखतच नाही, म्हणून समोरच्या बालकाला सांभाळू शकते. मेंदू तोच, परिसर निराळा.

तथापि एक दोष नोंदविणे प्राप्त आहे. चन्नम्माची परीक्षा अल्पकाळाची, इराची दीर्घकाळाची. दोघींना एकाच तराजूत तोलले की, करुणेच्या उणिवेचा आरोप नकळत कन्येवर येतो. अमृता सुभाष ह्यांना चन्नम्माच्या भूमिकेसाठी लाभलेला राष्ट्रीय पुरस्कार यथार्थच. पण इरावती हर्षे ह्यांनी दाखविलेला इराचा शिणवटा हे अधिक कठीण सत्य होय. मेंदूची प्रतिमा रुग्णास दोषमुक्त करू शकते. शुश्रूषा करून थकलेल्या कन्येस तोच न्याय देण्याचे काम कलेचे होते, व ते येथे अपुरे राहिले आहे.